आधी आणा, मग पाठवा

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड. वऱ्हाड-नागपूरकडे हा शब्द रोजच्या बोलण्यातला, आणि राज्याची सीमा ओलांडली तरी तो बदलत नाही. पांढुर्णा आणि सौंसर ही त्या सीमेपलीकडची दोन गावे. वरूड, नरखेड, सावनेर हे महाराष्ट्रातले तालुके त्यांचे शेजारी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र तिकडेच राहिला, आणि त्याच्या दक्षिणेचा हा मराठी बोलणारा पट्टाही त्याच्याबरोबर राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, अशी इथल्या माणसांची रीत. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा ५५ वा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले.

एकच फाइल दोघांनी मिळून कशी सांभाळायची, हा या प्रकरणाचा विषय; त्याचे उदाहरण याच मातीतले घेऊ. समजा, पांढुर्ण्याच्या एका शिक्षिकेने आणि सौंसरच्या एका विद्यार्थ्याने मिळून या भागातल्या बोलीचा शब्दसंग्रह करायचे ठरवले. वावर, इस्तो, फल्ली, पऱ्हाटी, पोट्टा. एका ओळीत एक शब्द. त्यापुढे अर्थ, गाव, तहसील, जिल्हा. दोघांची गावे वेगवेगळ्या रेल्वेमार्गांवर. पांढुर्णा नागपूर-इटारसी मार्गावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. रोज भेटणे शक्य नाही. दोघांकडे संगणक आहे, अधूनमधून इंटरनेट आहे आणि यादी मात्र एकच हवी.

पहिले काही दिवस ती फाइल व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे जाईल. मग एका संध्याकाळी बाई वीस शब्द घालतील, त्याच संध्याकाळी मुलगा जुन्या प्रतीत पंधरा शब्द दुरुस्त करील, आणि दुसऱ्या दिवशी दोन याद्या समोर असतील. त्यातली कुठलीही एक खरी मानली तर दुसऱ्याची मेहनत वाया जाते. आवृत्ती-नियंत्रण करणारी सॉफ्टवेअरे जन्माला आली ती याच दुखण्यातून.

या दुखण्यावरचा पहिला उपाय कुलूप हा होता. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत एससीसीएस तयार झाले, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आरसीएस आले. दोन्हींत रीत अशी की फाइल बदलायला घेतली की तिला कुलूप लागते. तुम्ही परत ठेवेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. एकेरी रेल्वेमार्गावर चालकाला स्टेशनातून टोकन मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे, आणि टोकन एकच असल्याने समोरून दुसरी गाडी येण्याचा प्रश्न नसे, तसाच हा बंदोबस्त. अपघात टळतो. पण पहिली गाडी मध्येच बंद पडली तर सगळा मार्ग अडून राहतो. फाइल घेऊन कोणी सुटीवर गेला की बाकीच्यांनी थांबायचे.

पुढची पिढी सीव्हीएस आणि सबव्हर्जनची. कुलूप गेले, दोघांना एकाच वेळी काम करता येऊ लागले, पण इतिहास सगळा मधल्या एका सर्व्हरवर. त्या सर्व्हरशी जोडणी नसेल तर बदलाची नोंदही करता येत नाही. लिनक्स कर्नलच्या कामासाठी त्याचे निर्माते लिनस टॉरव्हाल्ड्स २००२ पासून बिटकीपर नावाचे व्यापारी सॉफ्टवेअर वापरत होते. २००५ मध्ये त्याची फुकट परवानगी काढून घेतली गेली. एप्रिल २००५ च्या पहिल्या आठवड्यात टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच पर्याय लिहायला घेतला आणि काही दिवसांतच त्या पर्यायाचे स्वतःचे काम त्याच्यातच साठवले जाऊ लागले. ते गिट. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे गेली आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी ती सांभाळली.

गिटमध्ये प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहास असतो. फक्त आजची फाइल नव्हे. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद, कोणी केली, कधी केली, काय बदलले, सगळे. त्या नोंदीला कमिट म्हणतात आणि ती आपल्याच संगणकावर होते. वीज आहे, नेट नाही, अशा दुपारी पांढुर्ण्याच्या बाई दहा नोंदी करू शकतात. पुण्याच्या कचेरीत बसलेल्या अभियंत्याकडे जे अवजार आहे तेच, तितकेच पूर्ण, त्यांच्याकडे आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोठ्या शहरात नसल्यामुळे कामात दुय्यम राहावे लागत नाही, असे अवजार माणसाला क्वचित मिळते.

पण नोंद आपल्यापाशी राहिली तर यादी सामायिक होत नाही. म्हणून मधे एक भांडार ठेवतात. त्याला रिमोट रेपॉजिटरी म्हणतात, बोलताना नुसते रेपो. ते गिटहब, गिटलॅब यांसारख्या सेवेवर असेल किंवा एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवर असेल. अशा मधल्या भांडारात उघडून काम करण्याच्या फाइली नसतात, फक्त इतिहास असतो. त्याला बेअर रेपॉजिटरी म्हणतात. तिथे बसून कोणी काम करत नाही. सगळे आपापल्या घरी काम करतात आणि तिथे आणून ठेवतात. आणून ठेवणे म्हणजे पुश. तिथून इतरांचे काम आणणे म्हणजे फेच, आणि आणून आपल्या कामात मिसळणे म्हणजे पुल.

आज्ञा साधी आहे: गिट पुश ओरिजिन मेन. टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. ओरिजिन हे मधल्या भांडाराला आपल्या संगणकाने दिलेले टोपणनाव. मेन हे मुख्य फांदीचे, म्हणजे ब्रँचचे नाव. जुन्या भांडारांत मेनच्या जागी मास्टर दिसेल. पहिल्या वेळी पुशनंतर एक उणे-यू जोडला की कुठली फांदी कुठे पाठवायची ते लक्षात ठेवले जाते आणि पुढे नुसते गिट पुश पुरते.

ती आज्ञा दिल्यावर काय होते, ते थोडे थांबून पाहू. पुशच्या बहुतेक अडचणी हा क्रम ठाऊक नसल्यामुळे कोड्यासारख्या वाटतात.

आधी आपला संगणक भांडाराशी बोलतो आणि भांडार सांगते, माझ्याकडची मेन फांदी अमुक नोंदीवर आहे. नोंदीला नाव नसते, ठसा असतो: ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांनी बनलेली ४० चिन्हांची ओळ. हा ठसा नोंदीतल्या मजकुरावरूनच गणिताने काढलेला असतो, आणि प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा लिहिलेला असतो. त्यामुळे मागचे एक अक्षर बदलले तरी पुढचे सगळे ठसे बदलतात. गुपचूप खाडाखोड करायला जागा उरत नाही.

भांडार कुठवर आले आहे हे कळले की आपले गिट हिशेब करते: माझ्याकडे आहे आणि तिकडे नाही असे काय काय आहे? तेवढेच ते एका गाठोड्यात बांधते. दोन आवृत्त्यांत साम्य असेल तिथे फक्त फरक ठेवते, आणि गाठोडे दाबून लहान करून पाठवते. शब्दसंग्रहासारख्या नुसत्या मजकुराच्या कामात ते गाठोडे इतके हलके असते की मोबाइलच्या इंटरनेटवरूनही सहज जाते. भांडार ते उघडून ठसे तपासते. नेमलेले नियम असतील, जसे अमुक फांदीवर अमुक माणसांनीच पाठवावे, तर तेही तपासते. सगळे बरोबर निघाले तरच सर्वांत शेवटी मेन या नावाची खूण जुन्या नोंदीवरून उचलून नव्या नोंदीवर ठेवते.

खूण सर्वांत शेवटी हलते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मध्येच वीज गेली, नेट तुटले, तर भांडार अर्धवट होत नाही. आलेले अर्धे गाठोडे टाकून दिले जाते आणि खूण जिथे होती तिथेच राहते. पुन्हा पुश करायचा, एवढेच. मात्र तुटलेला पुश तुटल्या जागेपासून पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून जिथे जोडणीचा भरवसा नाही तिथे महिन्याचे काम एकदम पाठवण्यापेक्षा रोजचे रोज पाठवावे.

आता अडचण. बाईंनी संध्याकाळी वीस शब्दांची नोंद केली आणि पुश केला. पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर आले: रिजेक्टेड, फेच फर्स्ट. म्हणजे नाकारले, आधी तिकडचे घेऊन या.

हा निरोप पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास घाबरतो. मीही घाबरलो होतो. वाटले, आपल्या हातून काहीतरी मोडले. मोडलेले काहीच नसते. झालेले एवढेच असते की दुपारी सौंसरच्या मुलाने आपले काम पाठवले, त्यामुळे भांडाराची खूण पुढे सरकली. बाईंची नवी नोंद मात्र सकाळच्या जुन्या खुणेवर उभी आहे. भांडाराने खूण बाईंच्या नोंदीवर ठेवली असती तर मुलाची नोंद वाटेतून बाजूला पडली असती. गिटचा नियम असा, की भांडारातली आजची नोंद तुमच्या नव्या नोंदीच्या पूर्वजांत असेल तरच खूण पुढे सरकेल. याला फास्ट-फॉरवर्ड म्हणतात. पूर्वजांत नसेल तर नकार. दोघांचे पुश एकाच क्षणी पोहोचले तरी एकाचाच लागतो. दुसऱ्याला सांगितले जाते की खूण आता हलली आहे.

हा नकार बाईंच्या कामाला नसतो. मुलाचे काम राखण्यासाठी तो असतो, आणि उद्या मुलाला असाच नकार मिळेल तेव्हा तो बाईंचे काम राखण्यासाठी असेल. पुशविषयी एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

मग करायचे काय? आधी फेच. मुलाने पाठवलेले आपल्या संगणकावर येते, पण आपल्या कामाला अजून हात लागत नाही. या थांब्याचा उपयोग करावा. काय आले ते वाचावे. बहुतेक लोक पुल करून एका दमात आणतात आणि मिसळतात, आणि चूक तिथे होते. दुसऱ्याने काय केले हे न वाचताच त्याच्यावर आपले काम चढवले जाते. वाचून झाल्यावर मर्ज करावे. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या ओळी बदलल्या असतील तर गिट आपण होऊन दोन्ही एकत्र करते आणि दोन्ही नोंदींना जोडणारी तिसरी नोंद तयार करते. तिचे पूर्वज दोन: बाईंची नोंद आणि मुलाची नोंद. आता पुश केला की लागतो, कारण भांडारातली नोंद नव्या नोंदीच्या पूर्वजांत आली.

दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर मात्र गिट थांबते आणि माणसाला विचारते. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. आपल्या यादीत हे पऱ्हाटीच्या ओळीवर होणार, कारण त्या ओळीत बदलण्यासारखे दोन तपशील आहेत. जिल्ह्याच्या रकान्यात अजून छिंदवाडा आहे. बाईंनी तिथे पांढुर्णा लिहिले. मुलाने पांढुर्ना लिहिले, कारण हिंदीत हे नाव तसेही लिहिलेले आढळते आणि त्याने ते कुठल्यातरी हिंदी कागदावरून घेतले. फाइल उघडली की त्या जागी दोन्ही ओळी एकाखाली एक दिसतात; वर सात डाव्या कोनांची खूण, मधे सात बरोबरच्या चिन्हांची रेघ, खाली सात उजव्या कोनांची खूण. गिट कोणाची बाजू घेत नाही. ण की न, हे त्याला ठरवता येत नाही, आणि ते त्याने ठरवूही नये. बाई मुलाला फोन करतील.

"अरे, यादी मराठीची आहे ना? मग ण ठेवू."

"ठेवा मॅडम. पण हिंदीतलं नावही कुठंतरी पाहिजे. नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार नाही."

आणि यादीत हिंदी लेखनाचा आणखी एक रकाना निघेल. हा रकाना बाईंना सुचला नव्हता, मुलालाही सुचला नव्हता. एका ओळीवर दोघांचे हात एकदम पडले म्हणून तो निघाला. कॉन्फ्लिक्टला भांडण समजणाऱ्यांनी ही बाजू पाहावी.

ओळीतला दुसरा तपशील अधिक बारीक आहे आणि तो खास मराठीचा आहे. पऱ्हाटी या शब्दात आडव्या रेघेसारखा अर्धा र आहे. हिंदीत तो नाही. हिंदीच्या सवयीने टंकले तर पर्हाटी होते, रफार ह च्या डोक्यावर जातो आणि उच्चार बिघडतो. तेवढे डोळ्यांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी, की हा आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. दोन्ही मान्य, पडद्यावर दोन्ही सारखे. पण गिट अक्षरांचा आकार पाहत नाही, आतले संकेतांक पाहते. बाईंच्या कळफलकाने पहिली रीत वापरली आणि मुलाच्या कळफलकाने दुसरी, तर गिट म्हणेल की ओळ बदलली आहे, आणि दोघेजण पडद्याकडे टक लावून पाहतील तरी फरक सापडणार नाही. ॲ या अक्षराचेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीचा मजकूर, आणि आजही काही कळफलकांवरचा, अ ला चंद्र जोडून लिहिलेला असतो.

यावर उपाय सामायिक काम सुरू करण्याआधीचा आहे. पहिल्याच दिवशी दोघांनी एक कळफलक, एक रीत ठरवावी आणि ती भांडारातल्याच एका छोट्या फाइलीत लिहून ठेवावी. फाइलींना मराठी नावे दिली असतील तर गिट ती नावे अंक आणि तिरक्या रेघांच्या भाषेत दाखवते. कोअर-कोटपाथ ही मांडणी फॉल्स केली की नावे नागरीत दिसू लागतात. मराठीत काम करणाऱ्याने गिट बसवल्याबरोबर पहिली ही मांडणी करावी.

हे शब्दसंग्रहाचे उदाहरण समजण्यासाठी रचलेले आहे. पण मराठी अक्षरांच्या बाबतीत सामायिक भांडाराचे खरे काम गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी नकळत त्याचा लाभ घेतला आहे. लोहित हा भारतीय लिप्यांचा फॉण्टसंच रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली खुला केला आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी तो सांभाळला. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या पुष्कळांनी लोहित पाहिलेला आहे. आधी मराठी, हिंदी, कोकणी यांच्यासाठी त्याचे वेगवेगळे संच होते, पुढे ते लोहित देवनागरी या एका फॉण्टात आले. अक्षराचे वळण म्हणजे बिंदू आणि वक्ररेषा. त्या फॉण्टफोर्ज या फॉण्ट घडवण्याच्या सॉफ्टवेअरच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीओळीने लिहिलेल्या असतात. म्हणून एखाद्या अक्षराची मान थोडी वळवली तर तो बदलही गिटला ओळींतला फरक म्हणून दिसतो, आणि कोणी, कधी, कशासाठी वळवली हे त्याच्या नोंदीत राहते.

एका फॉण्टात अनेक भाषा आल्या की जबाबदारी वाढते. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही वळणे प्रमाण म्हणून दिली. हिंदीची वळणे वेगळी. मराठी वाचकाच्या तक्रारीवरून कोणी ल चे मूळ वळणच बदलून पुश केला, तर हिंदी वाचकाचा ल बिघडेल. म्हणून अशा फॉण्टांत दोन्ही वळणे ठेवतात आणि मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा मराठी वळण पुढे आणणारा नियम लिहितात. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी वाचणाऱ्या पांढुर्ण्याच्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. सामायिक भांडारात पाठवलेला आपला बदल आपल्यापुरता कधीच नसतो.

लोहितची आणखी एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. त्याचे मधले भांडार फेडोराहोस्टेड या सेवेवर होते. ती सेवा २०१७ च्या सुरुवातीस बंद झाली. लोहित पगूर नावाच्या दुसऱ्या सेवेवर गेला आणि काम पुढे चालू राहिले. गिटमध्ये मधले भांडार हे फक्त भेटण्याचे ठिकाण असते. ठिकाण बंद झाले तर घरी असलेल्या पूर्ण प्रतीतून इतिहासासकट नव्या ठिकाणी पुश करता येतो. एका सेवेवर, एका कंपनीवर आपले काम कायमचे बांधून राहत नाही.

आता पुशच्या सर्वांत धोक्याच्या बाजूकडे येतो. नकार आल्यावर घाईत असलेला माणूस उपाय शोधतो आणि त्याला फोर्स हा शब्द सापडतो. आज्ञेला फोर्स जोडला की भांडार पूर्वजांची अट विचारत नाही. जे आले ते मान्य करून खूण त्यावर ठेवते. लाल अक्षरे नाहीशी होतात. मुलाच्या पंधरा दुरुस्त्याही यादीतून नाहीशा होतात, आणि ज्याने हे केले त्याला ते कळतही नाही.

मोठमोठ्या प्रकल्पांत हे घडले आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेन्किन्स या प्रसिद्ध मुक्त प्रकल्पाच्या एका सहभागी विकसकाकडून चुकून फोर्स पुश झाला आणि १८० हून अधिक भांडारांच्या फांद्या जुन्या नोंदींवर मागे गेल्या. सगळे परत मिळवता आले, कारण गिटमध्ये खूण हलली तरी जुनी नोंद लगेच पुसली जात नाही, आणि लोकांच्या घरी प्रती होत्या. पण त्यासाठी कितीतरी माणसांना आपले काम बाजूला ठेवून बसावे लागले.

फोर्सला एक सौम्य भावंड आहे, फोर्स-विथ-लीज. तो आधी पाहतो की भांडाराची खूण आपण शेवटची पाहिली तिथेच आहे का. असेल तरच जबरदस्ती करतो. मात्र मधल्या काळात फेच झाला असेल आणि आलेले वाचले नसेल तर हाही फसतो, कारण त्याच्या मते आपण ते पाहिलेले असते. आपल्या एकट्याच्या फांदीवर इतिहास नीटनेटका करायला तो वापरावा. सामायिक फांदीवर दोन्ही वापरू नयेत, आणि भांडाराच्या मांडणीतच मेन फांदीवर फोर्सला बंदी घालून ठेवावी. गिटहब आणि गिटलॅब दोन्हींकडे ही सोय आहे.

मुख्य नोंदीला थेट हात न लावण्याची ही शिस्त महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सातबाऱ्यामुळे ओळखीची आहे. जमिनीच्या मालकाचे नाव बदलायचे तर तलाठी सरळ सातबाऱ्यावर खोडून लिहीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकासह नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबारा बदलतो. मोठ्या प्रकल्पांत असेच करतात. आपले काम मेनवर न पाठवता स्वतःच्या वेगळ्या फांदीवर पुश करायचे आणि मेनमध्ये घेण्याची विनंती ठेवायची. गिटहबवर तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. दुसरा माणूस वाचतो, हरकत घेतो किंवा मान्य करतो, मग ते मेनमध्ये जाते. दोघांच्या शब्दसंग्रहाला हे जड वाटेल. दहा जण झाले की याच्याशिवाय चालणार नाही.

गिटच्या जुळवून घेण्यावर फार विसंबूही नये. ते ओळी जुळवते, अर्थ जुळवत नाही. मुलाने गावांच्या फाइलीतून एक गाव काढले आणि बाईंनी शब्दांच्या फाइलीत त्याच गावाच्या नावाने शब्द घातला, तर गिटला त्यात काही वावगे दिसणार नाही. मर्ज निमूट होईल आणि यादी चुकीची असेल. म्हणून मर्ज झाल्यावर, पुशच्या आधी, एकदा सगळे वाचून पाहावे.

पुश करताना ओळख पटवावी लागते. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले. आता टोकन लागते किंवा एसएसएच किल्ली. किल्ल्या दोन असतात. एक आपल्या संगणकावर गुप्त ठेवायची, दुसरी भांडाराला द्यायची. हे टोकन, ही गुप्त किल्ली, कुठलाही पासवर्ड भांडारातल्या फाइलीत कधीही लिहू नये. चुकून लिहून पुश झाला तर पुढच्या नोंदीत ती ओळ पुसून उपयोग नाही, कारण मागची नोंद इतिहासात राहते आणि ज्यांनी मधे प्रत घेतली त्यांच्याकडेही गेलेली असते. तत्काळ ते टोकन रद्द करून नवे घ्यावे. लोकांचे फोन नंबर, आधार क्रमांक यांनाही हेच लागू आहे, आणि ते तर रद्द करून नवे घेता येत नाहीत. शब्द सांगणाऱ्या आजीबाईंचे नाव-गाव त्यांच्या परवानगीशिवाय यादीत घालू नये.

ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे जपून ठेवावीत, पण गिटमध्ये नव्हे. त्यांच्यात ओळी नसतात, फरक वाचता येत नाही, आणि प्रत्येक प्रत इतिहासात बसून भांडार जड होते. गिटहब १०० मेगाबाइटांपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. आवाज दुसरीकडे ठेवून त्याचा पत्ता यादीत लिहावा.

पांढुर्णा, सौंसर आणि आसपासच्या वाचकांना एक विनंती आहे. वर समजा म्हणून सांगितलेली यादी खरोखर करा. दोन माणसे पुरतात. पहिल्या दिवशी पाच शब्द लिहा, कळफलकाची रीत ठरवून नोंदवा आणि संध्याकाळी पुश करा. दुसऱ्या दिवशी कामाला बसताना आधी फेच करा, रात्री दुसऱ्याने काय घातले ते वाचा, मग आपला सहावा शब्द लिहा.